सगळ्यांनी लाळ दिली, दगडूने नाही

दगडू माझा धाकटा भाऊ. सख्खा. आमच्या घरात मान खाली घालणारा एक पण जन्मला नाय, आणि हा तर माझ्या हाताखाली वाढलेला! लालबागला मसाला कांडपावर कामाला, परळच्या चाळीत एकटाच राहतो. पण शनिवारच्या भजनात ढोलकी त्याचीच. थाप पडली की तिन्ही मजले खाली उतरायचे.

गेल्या वर्षी चाळीच्या गणपती मंडळाच्या ऑफिसची काच फोडून गणपतीचा चांदीचा मुकुट कोणीतरी नेला. काचेवर रक्त सापडलं. पोलीस म्हणाले, चाळीतल्या सगळ्या बाप्यांनी गालातली लाळ द्या, डीएनए जुळवून बघतो. भराभर रांग लागली. दगडूची पाळी आली तसा तो म्हणाला, "साहेब, चोर गावल्यावर आमची लाळ फेकणार कधी? कॉम्प्युटरमधून काढणार कधी? लिहून द्या."

"लिहून-बिहून काय नाय मिळणार. मर्जी तुमची."

"मग माझी मर्जी नाय."

त्याला बाबा आठवले होते. गिरणीच्या संपात त्यांच्या बोटांचे ठसे घेतलेले. गुन्हा काय शाबीत झाला नाय, तरी पुढे दर विसर्जनाला त्यांना उचलून चौकीत बसवायचे. मिरवणूक बाबांनी चौकीच्या खिडकीतनंच बघितली.

मंडळाचे अध्यक्ष कमलाकांत जिन्यावरनं ओरडले, "मेल्या, मिरची कांडून डोकं फिरलं काय तुझं? मनात काळंबेरं नाय तर तोंड उघडायला घाबरतोस कशाला?" मी माझगावला राहतो, नायतर त्यांना तिथंच गप्प केलं असतं.

तेव्हापासून दगडू गॅलरीत आला की बोलणं बंद. शनिवारी ढोलकी चाळीतल्याच विनीतच्या मांडीवर. दगडू खोलीत बसून ऐकायचा. विनीतचा ठेका चुकला की ह्याची बोटं आपोआप पिठाच्या डब्यावर पडायची. मग तो हात मांडीखाली दाबून धरायचा.

अशाच एका भजनात बातमी आली. चोर मुकुटासकट भायखळ्यात गावला. बाहेरचाच. खाली गुलाल उधळला. दगडूने दार उघडं ठेवलं. कोणी आलं नाय. शेवटी तोच खाली गेला.

"काका, आता आपले नमुने नष्ट करायला सांगूया."

"आपले? तू दिलायस काय? सुटलो ना सगळे, विषय संपला!" कमलाकांत हसले. विनीतने ढोलकी खोळीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडू एकटा चौकीत उभा. "आमच्या चाळीचे नमुने नष्ट करा."

हवालदाराने वरखाली बघितलं. "तुम्ही तर दिलाच नव्हता. तुम्हाला काय पडलंय?"

"त्यांचं पडलंय."

"मग ते कुठायत?"

दगडूने दाराबाहेर बघितलं. "येतील," म्हणाला, आणि बाकड्यावर कडेला सरकून बसला, बाजूला जागा ठेवून.