पाचव्या बाटलीतला रस्सा

प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या, यंत्रांच्या तारा लावणाऱ्या आणि विद्यार्थ्यांना दम देणाऱ्या ताईंना जगात एकाच माणसाचा थांग लागला नव्हता, आणि नेमकं त्याच्याशीच त्यांचं लग्न झालं होतं. नवरा घड्याळजी. नुसत्या श्वासानेही स्क्रू उडून हरवतो, म्हणून त्याने चेहरा असा काही ताब्यात ठेवला होता की दुकान बंद केल्यावरही तो सुटेना. भुवई होती ती भिंग धरण्यापुरती. हसू कुठल्या बाजूने सुरू करायचं असतं, हे तो बहुधा विसरला होता.

जेवताना तर कहरच. ताई जीव ओतून रस्सा करायच्या आणि पहिल्या घासाला त्याच्या तोंडाकडे टक लावून बसायच्या. तो मान खाली घालून जेवायचा, ताट स्वच्छ करून उठायचा. "कसा झालाय?" विचारलं की, "झालाय की." एकदा मीठ घालायचंच राहिलं, तरी "झालाय की." या माणसाला आपला रस्सा आवडतो की नाही, हे कळल्याशिवाय मरायचं नाही असं ताईंनी ठरवून टाकलं होतं.

मग प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. प्रयोग घेणाऱ्या मॅडमनी समजावलं, "ताई, तोंड खोटं बोलेल, स्नायू नाही बोलायचा. जिभेला काही लागलं की मेंदूत हालचाल होते. नावडलं तर भुवईचा स्नायू आकसतो, आवडलं तर गालाचा ओढला जातो. आपल्याला दिसत नाही इतकं बारीक, पण यंत्राला दिसतं."

"आमच्या ह्यांना आणू का?" ताई म्हणाल्या.

प्रयोगाला माणसं मिळतच नव्हती. मॅडम लगेच हो म्हणाल्या. चवीच्या पाच बाटल्या भरायचं काम ताईंचंच: साखरेचं पाणी, मिठाचं, लिंबाचं, कडू औषधाचं आणि साधं. त्यांनी साधं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि फडक्यातून चारदा गाळलेला घरचा रस्सा पाचव्या तपकिरी बाटलीत भरला. विज्ञानाचं थोडं नुकसान होणार होतं, पण विज्ञानाला कुठे रोज स्वयंपाक करावा लागतो?

घड्याळजी खुर्चीत बसला. डोक्यावर तारांची टोपी, कपाळावर आणि गालावर चिकटवलेल्या चकत्या. ताई एकेक बाटली घेऊन आत यायच्या, जिभेवर थेंब सोडायच्या, बाहेर जायच्या. चेहरा मख्खच. बाहेर पडद्यावर मात्र तीन रेघा धावत होत्या: वरची मेंदूची, मधली भुवईची, खालची गालाची.

पाचवी बाटली झाल्यावर मॅडमनी ताईंना पडद्यापाशी बोलावलं. "काय विचित्र आहे बघा. कडू औषधाला भुवई एवढी. आणि साध्या पाण्याला? दुप्पट! मेंदूनेही नुसता आरडाओरडा केलाय. साधं पाणी इतकं वाईट कसं लागेल हो?"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं! औषधापेक्षा वाईट, आणि हा बाबा रोज ताट चाटूनपुसून उठत होता! राग आला, आणि रागाहून जास्त रडू आलं. आपण हौसेने खरं शोधायला गेलो आणि तोंडावर आपटलो, असं झालं त्यांना.

"तशीही ही मोजणी वायाच गेली," मॅडम वैतागून म्हणाल्या. "खालची रेघ बघा. पाचही वेळा गाल उसळलाय, तोही थेंब पडायच्या आधीच. जिभेला काही लागलेलंच नाही, मग हसतोय कशाला? दार उघडलं की उसळतोय. दारातून कोण येत होतं?"

"मी," ताई म्हणाल्या.

"मग पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. तुमच्यामुळे सगळं बिघडतंय."

ताई आत गेल्या. तो टोपीखाली तसाच बसला होता. त्यांनी कपाळावरच्या चकत्या काढल्या, ओल्या कापसाने तिथला चिकटा पुसायला घेतला आणि गरज होती त्याहून बराच वेळ पुसत राहिल्या.

"उद्यापासून स्वयंपाक तुम्ही करायचा," त्या कडक आवाजात म्हणाल्या.

"बरं," तो म्हणाला.

"ताई, गालाची रेघ पुन्हा उसळली!" बाहेरून मॅडम ओरडल्या. "आत काय चाललंय?"

"काही नाही हो," ताई म्हणाल्या, "मीच आहे."