ज्याच्या-त्याच्या हाताची भाकरी

सोलापुरात शुक्रवार पेठेत माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. कॉलेजची मुलं येतात, अर्धा वेळ मोबाईलवर रील बघतात आणि माझं डोकं उठवून जातात. त्यांच्यात चाळिशी ओलांडलेली राजेश्वरी पहिल्यांदा येऊन बसली, तेव्हा मला वाटलं, मुलाची चौकशी करायला आली असेल.

"मॅडम, जावास्क्रिप्ट मलाच शिकायचंय," ती म्हणाली. पदराला ज्वारीचं पीठ लागलेलं होतं.

कारण होतं सासूचे गुडघे. तिची सासू नागम्मा, म्हणजे आख्ख्या गल्लीच्या अव्वा, कडक भाकऱ्यांचा व्यवसाय करतात. तीन बायका रोज येऊन भाकऱ्या थापतात, भाजतात आणि गच्चीवर वाळत घालतात. वाळून कडकडीत झाल्या की पाकिटात भरून पुण्या-बंगळूरला जातात. पूर्वी अव्वा गच्चीवर जाऊन प्रत्येक ढिगातली एक भाकरी मोडून बघायच्या आणि कुठला ढीग भरायचा ते सांगायच्या. गुडघे गेल्यावर गच्ची सुटली. स्वतःचा ढीग तेवढा त्या आपल्या खाटेजवळ वाळवायच्या आणि स्वतःच भरायच्या. बाकीच्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरला.

अव्वांचा एक नेम मला फार आवडतो. ज्या बाईनं भाकरी थापली तिच्या नावाची चिठ्ठी पाकिटात जाते. हात जिचा, नाव तिचं. कुणाची पापडासारखी पातळ, कुणाची जाड. गिऱ्हाईकंही नाव सांगून मागतात.

तर राजेश्वरीला फोनवर बघता येईल असं एक पान करायचं होतं. सकाळी उघडलं की आज कुणाच्या भाकऱ्या भरायच्या ते त्यानं सांगावं. मी तिला ऑब्जेक्ट शिकवलं. एकेका बाईची माहिती एका गाठोड्यात बांधायची: नाव, भाकरीची जाडी, वाळायला लागणारे दिवस. मग मेथड शिकवली. गाठोड्यात नुसती माहिती न ठेवता एखादं कामही ठेवता येतं. 'गोजाबाई, तयार कधी?' असं विचारलं की त्या गाठोड्यानंच हिशेब करून तारीख सांगायची. तिला हे इतकं पटलं की तिनं सगळी नावं देवनागरीत लिहिली. जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, हे माझ्या क्लासमधल्या एकाही पोराला कधी सुचलेलं नव्हतं. मला तिचं फार कौतुक वाटलं.

आख्खा उन्हाळा पान झकास चाललं. श्रावणात हवा दमट झाली आणि तक्रारी सुरू झाल्या. पाकिटात बुरशी. फोटो येऊ लागले आणि प्रत्येक फोटोत चिठ्ठी एकाच नावाची होती, गोजाबाईंची.

गोजाबाई मूळच्या नातेपुत्याकडच्या. मेंढरांमागं हिंडणाऱ्या माणसांत वाढलेल्या, त्यामुळं भाकरी जाड, पोटाला धरणारी. नवरा गेल्यापासून त्यांना हे एवढंच काम. अव्वांनी त्यांना बोलावून सांगितलं, "गोजा, तुझा हात आता चालत नाही. ही अमावास्या होऊ दे, मग घरी बस." दुसऱ्या दिवसापासून गोजाबाई पातळ थापायला लागल्या. तव्यावर टाकतानाच भाकरी तुटायची, परत थापायच्या, परत तुटायची. राजेश्वरीनं हे मला सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलंच, पण खरं सांगू, बाईंचं वय झालं असेल असंच मीही मनात म्हटलं.

राजेश्वरीला मात्र ते पटेना. एक दिवस ती क्लासला आली ती घाईघाईनं. "मॅडम, हे बघा. गोजाबाईंचे दिवस मी दोनाचे तीन केले. तरी तारीख तीच येते. चार केले. तरी तीच."

मी तिचं काम वाचलं आणि भडकले. मेथड तिनं आधी सासूसाठी लिहिली होती. सासूचं नाव कसं लिहायचं, म्हणून गाठोड्याला नाव दिलेलं 'अव्वा'. आत हिशेब होता: थापलेली तारीख, अधिक अव्वांचे दिवस. तोच मजकूर उचलून तिनं प्रत्येक बाईच्या गाठोड्यात चिकटवला होता. विचारा कुणालाही, मोजले जाणार अव्वांचेच दिवस. अव्वांची भाकरी एका दिवसात वाळते. सोलापूरच्या उन्हाळ्यात सगळ्यांच्याच वाळत होत्या, म्हणून कुणाला कळलं नाही. दमट हवेत जाड भाकरी तेवढी ओली राहिली.

"अगं, तिथं 'धिस' लिहायचं असतं!" मी ओरडले. "ज्या बाईला विचारलंस तिनं स्वतःचे दिवस बघायचे. घोकून घेतलं होतं ना तुझ्याकडून?"

"घोकलं होतं," ती खाली बघून म्हणाली. "पण आमच्याकडं सगळं अव्वांनाच विचारून होतं. हाताला तसंच वळण पडलंय."

मग तिचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे गोजाबाईंची भाकरी चांगलीच होती. मीच ओली भरायला लावली."

ती गुपचूप दुरुस्ती करून मोकळी होऊ शकली असती. अव्वांचा आधीच त्या पानावर विश्वास नव्हता, चूक कबूल केली तर पान बंद आणि क्लासही बंद. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन घरी गेली आणि चुलीपुढं बसलेल्या सगळ्या बायकांदेखत उभी राहून म्हणाली, "चूक माझी आहे. गोजाबाईंच्या हाताची नाही."

गोजाबाईंनी मान वर केली. "म्हंजी माजी भाकरी नीट हुती व्हय?"

"नीट होती. आम्ही वाळायच्या आत भरली."

गोजाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. पुसायला गेल्या तर हाताचं पीठ गालाला लागलं. अव्वा खाटेवरून पुढं वाकल्या. मग म्हणाल्या, "गोजा, मी चुकीचं बोलले. थाप तुझ्या हातानं. जाड थाप."

वातावरण सैल झालं. गोजाबाईंनी राजेश्वरीला जवळ ओढलं. "दाव बगू मला कसं केलंयस." राजेश्वरी फोनवरची नावं वाचून दाखवू लागली. अव्वा, गोजाबाई, हेमावती, शिवलीला.

"आन तुजं कुटं हाय गं ह्यात?"

राजेश्वरी हसली. "माझं कशाला? माझ्या भाकऱ्या अव्वांच्या ढिगातच असतात की." लग्न होऊन आल्यापासून तसंच होतं. थापायची ती, चिठ्ठी अव्वांच्या नावाची.

"न्हाय न्हाय, घाल तुजंबी."

तिनं तिथंच बसून स्वतःचं गाठोडं लिहिलं. नाव लिहिलं, जाडी लिहिली. दिवसांपाशी बोट थांबलं. सगळ्या बायकांचे दिवस तिला तोंडपाठ होते. स्वतःच्या भाकरीला वाळायला किती लागतात, हे तिला माहीतच नव्हतं. ती नुसती फोनकडं बघत राहिली.

"दोन," अव्वा खाटेवरून म्हणाल्या. "तुझी माझ्यापेक्षा जरा जाड असते. रोज माझ्या ढिगातून वेगळी काढून दुसऱ्या दिवशी भरते मी."

राजेश्वरीनं वळून सासूकडं पाहिलं. "तुम्हाला एवढी ओळखू येते, अव्वा?"

"येते की."

"मग चिठ्ठी तुमच्या नावाची का?"

अव्वांनी उशाखालचा कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि सुनेपुढं धरला.