शंभरपट पातळ केलेला नमुना

भिकननाना धुळ्याच्या आमच्या कॉलेजात लॅब अटेंडंट होते. आज मी जळगावच्या एका लॅबमध्ये रिपोर्टवर सही करतो, ती त्यांच्यामुळे. माझ्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. पिपेट कसं धरायचं, हे मला नानांनी शिकवलं.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता माझ्यासमोर एकाच बाईचे दोन रिपोर्ट होते. बाई सावद्याकडची, बावीस वर्षांची. पाळी चुकलेली, रक्तस्राव सुरू, छातीत धडधड. गर्भाची वार जे हार्मोन तयार करते, त्या एचसीजीच्या रिपोर्टवर मी आदल्या दिवशीच सही केली होती. आकडा कमी होता. सोनोग्राफीत बाळही दिसलं नाही, म्हणून तिथल्या डॉक्टर मॅडमनी साधा गर्भपात समजून त्याच दुपारी दोनला पिशवी साफ करायचं ठरवलं होतं. आज आलेला रिपोर्ट थायरॉइडचा होता. टीएसएच जवळजवळ शून्य.

इथे थोडं समजावून सांगतो. टीएसएच म्हणजे मेंदूकडून थायरॉइड ग्रंथीला जाणारा हुकूम. एचसीजी आणि टीएसएच ही दोन्ही प्रथिनं. त्यांच्या साखळ्यांना गंधकाचे पूल असतात. दोन पुलांचं मिळून एक कडं होतं आणि तिसरा पूल त्या कड्यातून आरपार जातो. याला सिस्टीन नॉट म्हणतात. या गाठीमुळे प्रथिनाचा आकार पक्का राहतो. पेशीवर रिसेप्टर असतो. आकार त्यात बसला, तरच निरोप आत जातो. ही दोन हार्मोन इतकी सारखी बांधलेली आहेत, की एचसीजी फार वाढलं तर ते थायरॉइडच्या रिसेप्टरवरही जाऊन बसतं. ग्रंथी जोरात चालते, छाती धडधडते, आणि मेंदू आपला टीएसएच आवरता घेतो.

पण त्यासाठी एचसीजी प्रचंड लागतं. माझा रिपोर्ट तर कमी सांगत होता.

मी सरांकडे गेलो. लॅब त्यांची.

"थायरॉइड वेगळं, गर्भ वेगळा," सर म्हणाले. "मॅडम बघतील."

"सर, दोन्ही हार्मोन एकाच घरातली आहेत."

"मग सोयरीक तर जमणार नाही. काय ते लवकर बोल."

"कालचा आकडा खोटा असेल. नमुना पातळ करून लावतो."

सरांचं हसू गेलं. "सही कोणाची आहे?"

"माझी."

आमच्या टेस्टमध्ये एक अँटिबॉडी हार्मोनला एका बाजूने धरते, दुसरी दुसऱ्या बाजूने. दोघींनी एकच कण धरला तरच मोजणी होते. हार्मोनचा पूर आला तर दोघींचे हात वेगवेगळ्या कणांनी भरून जातात, आणि मशीन कमी आकडा दाखवतं. मला हे पाठ होतं. फॉर्मवर धडधड लिहिलेली होती, तीही मी वाचली होती. तरी सही केली होती.

फ्रिजमधला नमुना काढला. शंभरपट पातळ केला. पाऊण तासाने आकडा आला. शंभराने गुणल्यावर तो दहा लाखांच्या वर गेला.

मी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, कालचा माझा रिपोर्ट चुकला. एचसीजी दहा लाखांच्या वर आहे. टीएसएच शून्याजवळ."

त्यांनी आकडा पुन्हा विचारून घेतला. "म्हणजे द्राक्षगर्भ. थायरॉइड असं असताना मी इथे भूल दिली असती, तर ती टेबलावरच गेली असती. आत्ताच मोठ्या दवाखान्यात पाठवते. मला लेखी द्या."

द्राक्षगर्भात बाळ नसतं. वारच द्राक्षांच्या घडासारखी वाढते. जळगावला तिची धडधड आधी औषधांनी आवरली, रक्ताची सोय केली, मग पिशवी साफ केली. पुढे दर आठवड्याला तिचा नमुना माझ्याकडे येत राहिला. आकडा उतरत गेला. ज्या दिवशी तो अगदी तळाला आला, त्या दिवशी मी दोंडाईचाला पत्र टाकलं. रिटायर झाल्यावर नाना तिथेच राहतात.

"आदरणीय नाना,

सा. न. वि. वि.

फर्स्ट इयरला माझ्या हातातली टेस्टट्यूब काढून घेऊन तुम्ही म्हणाला होतात, 'रंग गडद शे तवय डोया फसतस. पह्यले पातळ कर, मंग बोल.' मध्यंतरी त्यामुळे एक बाई वाचली. ती आता बरी आहे.

सर म्हणाले, चुकीचा रिपोर्ट फाइलीतून काढून टाक. मी काढला नाही. दुरुस्तीचा कागद त्यालाच पिन करून ठेवला आहे. नवीन येणाऱ्यांना दोन्ही दाखवतो.

तुम्ही चार लोकांत माझं कौतुक कराल, म्हणून हेही कळवतो. पातळ मी नंतर केलं, नाना. आधी बोलून बसलो होतो."