पलीकडची डिस्क

बाबांचा दहावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी, तेर रूज गावातल्या आमच्या अंगणात, मी फोर-बाय-फोर ट्रकच्या पुढच्या ब्रेक डिस्क बदलायला घेतल्या. दोन्ही चाकं काढून एका बाजूची डिस्क फिरवली की दुसरीकडची उलटी फिरते. म्हणून मी नट आवळताना बाबा पलीकडची डिस्क घट्ट धरून बसायचे आणि सारखे खेकसायचे, "झालं का? सोडू?"

त्या दिवशी मी एकटाच होतो. शेवटचा नट आवळल्यावर लक्षात आलं, माझ्याकडची डिस्क जागची हललीच नव्हती. जोर लावला, तरी ढिम्म. ट्रकखालून वाकून पाहिलं. पलीकडे कोणीच नव्हतं. माझं डोकं फिरलं.

"झालं ना! सोडा आता!" मी ओरडलो.

डिस्क गरकन फिरली.

तसं म्हणायला नको होतं मी.