परीक्षेचा मुराळी

परीक्षेची तारीख हिलालने ठरवली आणि ती नेमकी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची निघाली. निघाली म्हणणंही खोटंच, त्याने ती हौसेने निवडली होती. साल चोपन्न. धुळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात सुईणींचा वर्ग चाले आणि त्या वर्गाचा कारकून म्हणून हिलाल नुकता चिकटला होता. मुंबईहून परीक्षेसाठी सोयीचा दिवस विचारला गेला. आखाजीला कचेरी बंद, बाहेर गर्दी नाही, डॉक्टरांना सवड. याहून निवांत दिवस कुठला? स्वतःच्या हुशारीवर खूश होत त्याने उत्तर टपालात टाकलं.

हा पराक्रम सांगायला तो वर्गातल्या मुलींचं सगळं पाहणाऱ्या लताबाईंकडे गेला, तेव्हा त्या वसतिगृहामागे परीक्षेची पांढरी लुगडी नीळ घालून वाळत टाकत होत्या. हातातलं लुगडं त्यांनी असं काही पिळलं की हिलालने आपली मान चाचपली.

"हिलालभाऊ, तुन्ही बहीण आखाजीले कोठे ऱ्हास?"

"आमच्याकडे. माहेरी."

"आनि ज्या पोटुशा बाया तपाशीसन आपल्या पोरी परीक्षा देतीन, त्या?"

हिलाल मटकन पायरीवर बसला.

खानदेशात आखाजीला लेक सासरी राहिली तर तो आईबापाला कमीपणा. भाऊ मुराळी होऊन तिला आणायला जातो, मग झोका, गौराई, गाणी. हिलालसारख्या बाप्यांची आखाजी मात्र आमरस आणि पत्त्यांचा डाव एवढीच. बायकांची आखाजी या पठ्ठ्याच्या डोक्यातच आली नव्हती. आता वॉर्डात उरणार होत्या रिकाम्या खाटा.

तारीख पुढे ढकलावी, तर मुंबईच्या परीक्षक डॉक्टरीणबाई पुन्हा येणार त्या पुढच्या वर्षी. बाकीच्या मुली वर्षभर थांबल्याही असत्या. सातपुड्याच्या पायथ्याची गुंता थांबू शकत नव्हती. तिचा बाप ठाकऱ्या तिला सोडून गेला तो बजावून, "आखाजीलोंग शिक. मंग घर." आखाजीपासून शेताचं नवं साल लागतं, हात कमी पडतात. गुंताच्या गावाला सुईण मिळणार की शेताला आणखी एक मजूर, हे त्या एका दिवसावर होतं.

लताबाई चाळीसगावकडच्या. नवरा लवकर गेला आणि दिराच्या चुलीपुढून त्या इथे आल्या. हुद्दा कागदावर मेट्रनची मदतनीस, पण वर्गातल्या सांगाड्याचा निखळलेला हात तारेने बांधण्यापासून घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलीला जेवायला बसवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. प्रमाणपत्रं वाटल्यावर फोटो निघे, तेव्हा लताबाई खुर्च्या कोण परत नेणार म्हणून मांडववाल्याशी भांडत असायच्या.

"रडू नको," त्या हिलालला म्हणाल्या. तो रडत नव्हता, पण बेतात होता. "ज्यासले माहेर नही, त्यासले आपण माहेर देऊत."

मग दोघं गरोदर बायका शोधत गिरणीच्या चाळी आणि रस्त्याच्या कामावरची पालं फिरले. कुणाचं माहेर लांब, कुणाचं पटकीच्या साथीत उजाड झालेलं. खडी फोडणाऱ्या गेंदाचे आईबाप कधीच गेलेले. ती हसली, "मले कोन लेवाले येस?"

"हाऊ शे ना मुराळी," लताबाईंनी हिलालला पुढे ढकललं. "दिखाले बावळा शे, पन भाऊ चांगला शे."

आखाजीच्या सकाळी हिलाल धुतलेली टोपी घालून छकडा घेऊन निघाला. पालापुढे गेंदा ठेवणीतलं लुगडं नेसून, पायाशी गाठोडं घेऊन कधीची बसलेली. एका दिवसासाठी गाठोडं! हिलालने ते मुकाट्याने उचललं.

दवाखान्याच्या निंबाला झोका टांगलेला. आतून गाणी, बाहेर सांजोऱ्यांचा वास. डॉक्टरीणबाई टांग्यातून उतरल्या आणि थबकल्या. "ही परीक्षा आहे की लग्न?"

"माहेरवाशिणी शेतस, बाई," लताबाई म्हणाल्या. "झोकावर फक्त पोरी बसतस. पोटुशा बायासले म्या नुसत्या गाणास्वर ठेवेल शे."

गुंताचा नंबर आला. समोर गेंदा. गुंता बाळाचे ठोके ऐकायची नळी कानाला लावी आणि काढी. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

गेंदाने गुंताचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. "घाबरू नको, बहीण. पोऱ्या मन्हा शे, परीक्षा तुन्ही शे."

गुंताला हसू आलं. हात सैल पडला आणि डोकं कुठे, पाठ कुठे, सगळं ती सांगत गेली.

ती पास झाली. तिच्या गावातली लेकरं आता तिच्या हातावर जन्मतात. आणि हिलाल? तेव्हापासून परीक्षेची तारीख टपालात टाकण्याआधी लताबाईंना वाचून दाखवतो. नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे, हे तो मोठ्याने सांगतो. तेही पत्त्यांच्या डावात, जिथे कुणी कुणाचं चांगलं बोलत नाही.

त्या संध्याकाळी लताबाईंनी सगळ्यांच्या ओट्या भरल्या. छकड्यातून उतरताना गेंदाने विचारलं, "पुढली आखाजीले येशी ना, भाऊ?"

"येईन ना, बहीण."

पुढच्या आखाजीला तो छकडा घेऊन गेलाही. रस्ता झालेला, पालं उठलेली. कुणी म्हणालं काम जामनेरकडे गेलं. तिथे चौकशी केली तर टोळी वेगळीच. दर आखाजीला लताबाई सांजोऱ्या तळताना विचारतात, "मुराळी, गेंदा सापडनी का?"

"नाही, अक्का."

तरी त्या तिच्या चार सांजोऱ्या बाजूला काढून ठेवतात.