अर्धे बाबा

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि आमच्याकडची लाईट जाईनाशी झाली. याचं सगळं श्रेय बाबांनी स्वतःकडे घेतलं. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाचा विजेशी काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती. नागपुरात तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. तिकडची लाईट गेली असेल अशी वेळ साधून बाबा काकांना फोन लावत. "काय करून राहिला? अंधारात बसला काय? आमच्याकडे पंखा फुल आहे." काका फोन आपटत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलत.

हेच काका दिवाळीनंतर राहायला येणार होते. त्यांना दाखवायला म्हणून बाबांना ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या बैठकीत, थेट दारासमोर, स्वतःचं मोठं चित्र हवं होतं. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, पण त्या भिंतीवर माझं एकही चित्र कधी लागलं नव्हतं. तिथे सिमेंटवाल्याचं कॅलेंडर असायचं. ती भिंत मला हवीच होती.

पण माझ्या डोक्यात एक जुना काळा-पांढरा चित्रपट ठाण मांडून बसला होता. त्यात कोणी दिवा म्हणून लावत नाही. उजेड एका खिडकीतून येतो, गालाच्या कडेवर टेकतो आणि बाकीचा चेहरा अंधाराला देऊन टाकतो. तो पाहिल्यापासून लख्ख उजेडातली माणसं मला खोटीच वाटायला लागली होती.

शाळेतून आल्यावर संध्याकाळी मी बाबांना खिडकीशी बसवलं आणि ट्यूबलाईट बंद केली. त्यांनी उठून लावली. मी पुन्हा बंद केली.

"बिल मी भरतो, तू काहून बंद करून राहिली?"

तेवढ्यात शेजारची दीदी दारातून डोकावली. "अंकल, आपके यहाँ लाइट गोल है क्या?" बाबांची एवढी बेअब्रू आजवर झाली नव्हती. नंतर रोज ते तोंड फुगवूनच बसले, आणि ते फुगलेलं तोंड मी मन लावून रंगवलं.

चित्र पाहून म्हणाले, "माह्यं अर्धं तोंड कुठं गेलं?"

"अंधारात आहे, बाबा."

"राजधानीत?"

"चामखिळीची बाजू झाकली गेली, बरंच झालं," आई म्हणाली. चित्र कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यामागे गेलं आणि कॅलेंडर परत आलं. मी रडले, आणि रडून झाल्यावर चिडले. त्याच तिरीमिरीत मी त्या चित्रपटाची सीडी आणली आणि बाबांना टीव्हीसमोर बसवलं.

ट्यूब चालू ठेवूनच पाहणार, हा त्यांचा हट्ट. पण टीव्हीच्या काचेत ट्यूबच दिसायची, अंधाऱ्या प्रसंगांत तर नुसतीच ट्यूब. शेवटी कुरकुरत त्यांनी स्वतःच ती बंद केली. "या लोकांनी मीटर घेतलं नाही काय?" असं विचारून झालं. मग तो प्रसंग आला. मुलगा गाव सोडून जातो आणि म्हातारा बाप दारात उभा राहतो. चेहरा काळोखात, फक्त कानाच्या पाळीवर उजेड.

"मागं घे जरा," बाबा म्हणाले. मी घेतलं. "रडून राहिला का तो?"

"दिसत नाही ना, बाबा."

"दिसत नाही. पण रडून राहिला."

शेवट न पाहताच ते झोपायला गेले. चित्र पोत्यामागेच राहिलं.

काका आले त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा घरी परतले. कॅलेंडरखाली बसून पोहे खायची माझी इच्छा नव्हती. गल्लीत घरोघरी उजेड होता आणि आमच्याच बैठकीत काळोख. आत काका चाचपडत चहाची बशी शोधत होते.

"काय दादा, तुमच्याकडेही लोडशेडिंग चालू झालं काय?" त्यांच्या आवाजात इतक्या दिवसांच्या फोनचं उट्टं होतं.

"लाईट आहे. मीच बंद केली." खिडकीचं एकच दार उघडं ठेवून बाबा भिंतीजवळ उभे होते. कॅलेंडर नव्हतं. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड चित्रातल्या गालावर पडला होता. "इकडून येऊन पाहा. ट्यूबमध्ये हे दिसत नाही. पोरीनं असंच काढलं आहे."

काका बराच वेळ पाहत राहिले. "अर्धाच दिसून राहिला तू."

"तेवढाच पाहायचा असते," बाबा म्हणाले. मग मी दारात दिसले तशी त्यांनी विचारलं, "बरोबर आहे ना?"

मी "हव" म्हणाले. दारात अंधार होता आणि माझा चेहरा कोणाला दिसत नव्हता. तरी बाबांनी ट्यूब लावायची घाई केली नाही.