कुरडयांचं चौथं प्रकरण

वणीच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. हवामानबदल आणि आर्थिक वाढ या विषयावर याच गावाला धरून पीएच.डी.चा प्रबंध लिहिलाय. त्यातल्या चौथ्या प्रकरणावरून परवा यवतमाळला माझं मार्गदर्शक सरांशी चांगलंच वाजलं.

ते प्रकरण आमच्या गल्लीतल्या वाळवणाचं आहे. गव्हाचा चीक शिजवायचा आणि सगळ्या बायकांनी मिळून आज एकीच्या, उद्या दुसरीच्या गच्चीवर कुरडया घालायच्या. माझ्या सासूबाई त्यातल्या मुकादम. कुणाचा चीक पातळ झाला की त्यांनाच हाक. मारेगावच्या नणंदेला वर्षभराच्या कुरडया इथूनच जायच्या. आता एप्रिलमध्ये सकाळीच गच्चीवर पाय ठेववत नाही, मध्येच अवकाळी पाऊस झोडपून जातो, आणि उरलेल्या दिवसांत कोळशाच्या ट्रकांची धूळ. मागच्या उन्हाळ्यात कुरडया वाळल्या त्या काळ्या ठिपक्यांसकट. सासूबाईंनी सगळ्या उकिरड्यावर ओतल्या आणि कितीतरी दिवस धड जेवल्या नाहीत. यंदा अख्खी गल्ली दुकानातून पाकिटं आणते.

सरांनी प्रकरणावर आडवी रेघ ओढली.

"अहो मॅडम, घरची कुरडई हिशेबात कोण धरतं? पाकीट विकत घेतलं की ते राष्ट्रीय उत्पन्नात येतं. म्हणजे तुमच्या गल्लीत वाढच झाली की! नुकसान कुठाय?"

आणि हसले. एसीत बसून हसले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोळसा आमच्या उशाशी खणायचा, धूळ आम्ही खायची, ऊन आम्ही सोसायचं, आणि आमच्या बायकांच्या हातचं काम गेलं की तेही वाढीत जमा करायचं? कुठल्या तोंडाने याला शास्त्र म्हणायचं?

"हे काढा, नाहीतर मी सही करणार नाही," सर म्हणाले. त्यांच्या सहीशिवाय प्रबंध सादर होत नाही, म्हणजे माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. मी प्रबंध उचलला आणि उठून आले.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणे तुहे सर?"

"म्हणे, आपण पाकिटं आणतो म्हणून गल्लीची प्रगती झाली."

त्यांना आधी चेष्टाच वाटली. मी नीट समजावून सांगितलं. त्या उठल्या, कपाटातून कुरडया घालायची जुनी सुती लुगडी काढली आणि त्यातलं एक टर्रकन फाडलं.

"मंग हे कायले ठिवू? घे, फरशी पुसाले होईन."

मी तिथेच उभ्या उभ्या सरांना फोन लावला. आवाज चढला होता, चढू दिला. म्हटलं, "प्रकरण राहणार. तुम्ही सही करू नका."

फोन ठेवला तेव्हा सासूबाई दुसरं लुगडं फाडत होत्या.